६,८०० डॉलरला ‘विकलं गेलेलं’ व्हायोलिन परत लिलावात येतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी काही वर्षं व्हायोलिन शिकते आहे आणि आता तिला फुल साइजचं चांगलं वाद्य घ्यायचंय. परदेशातल्या एका लिलावाच्या साइटवर तुम्हाला ‘जुनं इटालियन, अंदाजे १९१०’ असं एक व्हायोलिन दिसलं. आत तोरिनोच्या कुणा कारागिराचं लेबल आहे. दीड महिन्यापूर्वी हेच वाद्य ६,८०० डॉलरला ‘विकलं गेलं’ असं त्याच साइटवर दिसतंय. आता ते परत लिलावाला आलंय, बोली २,१५० वर आहे आणि तीन दिवस बाकी आहेत. विक्रेता म्हणतो, मागच्या वेळी घेणाऱ्याने पैसेच भरले नाहीत. न्यू जर्सीचा मामा दिवाळीला येताना घेऊन येईल. तर बोली कितीपर्यंत लावावी?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. या लिलावात उतरू नका. वाद्य टाकाऊ आहे असं माझं म्हणणं नाही. फोटोंवरून ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं, जर्मन किंवा बोहेमियन घाऊक कामातलं, बऱ्यापैकी धडधाकट व्हायोलिन दिसतंय. नीट सेटअप केलं, म्हणजे ब्रिज-तारा वगैरे नीट बसवून जुळवलं, तर मुलीला पुढची काही वर्षं छान साथ देईल. पण तसल्या वाद्याची किंमत काही शे डॉलर असते, आणि तुम्ही ज्या दोन आकड्यांच्या आधाराने हिशोब मांडताय त्यातला एकही आकडा भरवशाचा नाही.

व्हायोलिन-चेलो दुरुस्त करणं आणि जुन्या वाद्यांची किंमत सांगणं हे माझं रोजचं काम. ऑनलाइन घेतलेली वाद्यं टेबलावर सारखी येतात. किमतीचा पुरावा म्हणून बहुतेक जण एकच गोष्ट पुढे करतात: ‘अहो, तिथे असंच एक एवढ्याला गेलंय.’ मोबाइलवर हिरव्या अक्षरांतला आकडाही दाखवतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की वेळ संपली तेव्हा कुणाची तरी बोली सगळ्यात वर होती. पैसे हातात पडले का, वाद्य पेटीतून हललं का, पंधरा दिवसांत परत आलं का, यातलं काहीही त्यात नसतं.

आणि ती वरची बोली विक्रेत्याचीच असेल तर? दुसऱ्या नावाने खातं उघडायचं, नाहीतर मेव्हण्याच्या खात्यावरून बोली लावायची, स्वतःचंच वाद्य ‘जिंकायचं’ आणि दोन दिवसांनी व्यवहार रद्द करायचा. याला खर्च किती? जवळजवळ शून्य. घेणाऱ्याने पैसे भरले नाहीत किंवा सौदा रद्द झाला की विक्रीवरचं कमिशन साइट विक्रेत्याला परत देते. मागे उरतो तो ६,८०० चा आकडा. शोधणाऱ्याला तो दिसत राहतो. ईबेवर ‘विकलेल्या वस्तूं’च्या यादीत तो ९० दिवस असतो, विक्रेत्यांसाठीच्या संशोधन-साधनात तीन वर्षांपर्यंत, आणि जुन्या विक्रीच्या नोंदी पैसे घेऊन दाखवणाऱ्या वर्थपॉइंटसारख्या संग्रहांत त्याहूनही जास्त काळ. सौदा फिसकटला ही माहिती आकड्यासोबत सहसा जात नाही. पुढे कुणी त्याच नोंदीवरून विम्यासाठी किंमत काढतो, दुसरा विक्रेता तिचा दाखला देतो, तिसरा म्हणतो बाजार चढलाय. म्हणजे मुळात कुणी दमडीही मोजलेली नसताना ‘बाजारभाव’ तयार होतो.

६,८०० ची गरज विक्रेत्याला एवढ्यासाठीच होती. तो आकडा एकदा डोक्यात बसला की २,१५० म्हणजे लुटीचा माल वाटायला लागतो. वाद्याचं लेबल तुम्ही तपासाल, लाकूड कुणाला तरी दाखवाल. ‘मागच्या वेळी एवढ्याला गेलं’ हे मात्र कुणी तपासत नाही, कारण ते साइटने सांगितलंय असं वाटतं. माझ्या मते या धंद्यात हल्ली वाद्याच्या नकलेपेक्षा किमतीची नक्कल जास्त होते. नकली वाद्य पकडता येतं, नकली विक्री पकडायला कुणी बसत नाही.

बोली फुगवण्याचं तंत्र जुनंच आहे. बैलबाजारात मालकाचाच पाहुणा गिऱ्हाईक बनून जास्त भाव बोलतो, तोच हा प्रकार. ऑनलाइन लिलावात मात्र एक गोष्ट वेगळी असते आणि ती समजून घ्यायला हवी. तिथे तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम आधीच भरून ठेवता आणि यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरती बोली वाढवत नेतं. समजा तुम्ही २,००० डॉलर भरून ठेवलेत आणि दुसऱ्या खऱ्या गिऱ्हाइकाची मर्यादा ७०० आहे. ईबेच्या पायऱ्यांप्रमाणे ५०० ते १,००० च्या पट्ट्यात बोली १० डॉलरने वाढते. म्हणजे प्रामाणिक लिलावात वाद्य तुम्हाला ७१० ला मिळायला हवं. आता विक्रेत्याच्या माणसाने १,९०० ची बोली टाकली. त्या पट्ट्यात पायरी २५ ची, म्हणून तुम्ही मोजणार १,९२५. तुम्हाला वाटतं, माझ्या मर्यादेच्या आत मिळालं, बरं झालं. प्रत्यक्षात बाराशेच्या वर डॉलर अशा स्पर्धेपायी गेले जी नव्हतीच.

त्याला तुमची मर्यादा कळते कशी? एक पद्धत चिकाटीची: तुमच्या खाली एकेक पायरी वाढवत राहायचं आणि पुरेसं वर आलो असं वाटलं की थांबायचं. दुसरी जास्त हुशारीची आणि जास्त निर्लज्ज: एकदम दहा हजारांची बोली टाकायची. तुमची मर्यादा ओलांडली गेली की चालू भाव तुमच्या २,००० च्या एक पायरी वर जाऊन थांबतो, म्हणजे तुमचं पोट उघडं पडलं. मग ‘आकडा टाइप करताना चूक झाली’ म्हणून ती बोली मागे घ्यायची आणि दुसऱ्या खात्यावरून १,९५० ची टाकायची. मागे घेतलेल्या बोलीची नोंद इतिहासात राहते. म्हणून लिलाव उघडला की मी पहिल्यांदा बोली मागे घेतल्याची नोंद शोधतो, वाद्याचे फोटो त्यानंतर.

तुम्ही पाठवलेल्या बोलीच्या इतिहासात काय दिसतं? बोली लावणाऱ्यांची नावं झाकलेली असतात, दोन अक्षरं आणि मध्ये फुल्या. अक्षरांवर विसंबू नका, एकच माणूस दोन लिलावांत वेगळ्या अक्षरांनी दिसू शकतो. नावापुढचा फीडबॅकचा आकडा (आधीच्या व्यवहारांवरून मिळालेले शेरे) बघा आणि नावावर टिचकी मारून मागच्या तीस दिवसांचा गोषवारा बघा. मागच्या लिलावात २,००० पासून ६,८०० पर्यंतचा सगळा खेळ दोघांत झालाय. एकाचा फीडबॅक शून्य, दुसऱ्याचा तीन. तीनवाल्याच्या गोषवाऱ्यात ‘या विक्रेत्याच्या मालावरच्या बोली: १०० टक्के’ असं आहे. महिनाभर माणूस बोली लावतोय आणि फक्त एकाच विक्रेत्याच्या वाद्यांवर लावतोय. चालू लिलावातही तीन फीडबॅकवाला एक जण आहेच. तो पहिल्याच दिवशी आला, एकेका पायरीने चढत गेला आणि १,९०० च्या पुढे गप्प बसला. खरोखर वाद्य हवं असलेला माणूस असा वागत नाही. तो शेवटच्या दहा सेकंदांत येतो, कारण आधी येऊन भाव वाढवण्यात त्याचं नुकसान असतं. ज्याला फक्त भाव चढवायचाय आणि जिंकायचं नाहीये, तो लवकर येतो आणि लवकर थांबतो.

विक्रेत्याची बाजूही सांगायला हवी. जिंकून पैसे न भरणारे लोक खरोखर असतात, भरपूर असतात. नवीन खात्याचा फीडबॅक शून्यच असणार. दोन हौशी माणसं एकमेकांना भिडली की भाव वेड्यासारखा चढतो हे मी लिलावघरात समोर बसून पाहिलंय. त्यामुळे एका खुणेवरून कुणाला चोर ठरवू नये. पण तीन-चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर त्या विक्रेत्याचे बाकीचे लिलावही उघडून बघावेत. तुमच्या विक्रेत्याची गेल्या तीन महिन्यांतली किमान चार व्हायोलिनं ‘विकली जाऊन’ परत आलीत. पैसे न भरणारे सगळे एकाच्याच वाट्याला कसे येतील?

पुढची पायरीही सांगून ठेवतो. समजा तुम्ही लिलावात उतरलात आणि शेवटी कुणी तुमच्यावर मात केली. दोन दिवसांनी मेल येईल: वरचा ग्राहक फिरला, तुमच्या शेवटच्या बोलीला वाद्य देतो, चोवीस तासांत कळवा. ही सोय साइटनेच दिलेली आहे आणि प्रामाणिक विक्रेतेही ती वापरतात. पण तुमची ‘शेवटची बोली’ त्या खोट्या स्पर्धेनेच वर नेलेली असते. म्हणजे त्याचा माणूस चुकून तुमच्या वर गेला, तर त्या चुकीची दुरुस्तीही तुमच्याच खिशातून. असा मेल आला तर तो माणूस स्पर्धेत येण्याआधी भाव कुठे होता ते बघायचं आणि तेवढीच रक्कम कळवायची. बहुतेक वेळा उत्तर येत नाही. आणि मेलमध्ये ‘साइटच्या बाहेर पैसे पाठवा, दहा टक्के कमी करतो’ असं असेल तर तिथेच थांबा. बाहेर गेलेल्या पैशांना साइटचं कुठलंही संरक्षण नसतं.

हे कायद्यात बसतं का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक विचारतात. बसत नाही. आपल्याकडच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. विक्रेत्याने स्वतः बोली लावण्याचा हक्क आधी उघड जाहीर करून राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणं बेकायदा आहे आणि घेणाऱ्याला ती विक्री फसवणूक मानता येते. भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या तर घेणाऱ्याला विक्री रद्द करता येते, हेही त्यात वेगळं सांगितलंय. ब्रिटनमध्ये २०१० साली ब्रॅडफर्डच्या क्राउन कोर्टाने ईबेवर स्वतःच्या मालावर स्वतःच बोली लावणाऱ्या एकाला ५,००० पौंड दंड आणि २५० तास समाजसेवेची शिक्षा दिली. माल काय, तर एक मिनीबस आणि असंच काही. पण विक्रेता एका देशात, साइट दुसऱ्या आणि तुम्ही पुण्यात, अशा वेळी कलम ६४ घेऊन जाणार कुणाकडे? व्यवहारात उपयोगी पडतं ते साइटचं परतावा-धोरण आणि क्रेडिट कार्ड. त्याकडे शेवटी येतो.

आता वाद्य. तोरिनोचं लेबल बघून तुम्ही हुरळलात हे समजू शकतो, पण व्हायोलिनच्या दुनियेत लेबल हा सगळ्यात कमी किमतीचा भाग असतो. सॅक्सनीतलं मार्कनॉयकिर्खन, बोहेमियातलं शोनबाख (आजचं चेक प्रजासत्ताकातलं लुबी), बव्हेरियातलं मिटेनवाल्ड, फ्रान्समधलं मिरकूर या गावांतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाखो व्हायोलिनं जगभर गेली. अमेरिकेत टपाल-कॅटलॉगवर मिळायची, मुंबईतही भरपूर आली. त्यांतल्या ढिगाने वाद्यांत ‘आंतोनियस स्त्रादिवारियस क्रेमोनेन्सिस’, म्हणजे व्हायोलिन कारागिरांतला सगळ्यात नावाजलेला, क्रेमोनाचा स्त्रादिवारी, असं लेबल चिकटवलेलं असायचं. तेव्हा ती फसवणूक नव्हती, नमुना कुणाचा ते सांगायची पद्धत होती. ब्रिटिश कायद्याने १८८७ नंतर आणि अमेरिकन कायद्याने १८९१ पासून मालावर मूळ देशाचं नाव घालणं भाग पडलं, म्हणून त्याच लेबलांखाली ‘जर्मनी’ किंवा ‘मेड इन जर्मनी’ अशी बारीक ओळ आली. स्त्रादिवारी १७३७ मध्ये वारला, त्यामुळे ती ओळ बघून कुणी फसत नाही. म्हणून आजचे चतुर विक्रेते लेबलाची खालची पट्टी कापतात. लेबल खालून आखूड, अक्षरांना वर भरपूर मोकळी जागा आणि खाली कागदच नाही असं दिसलं की मला त्या कापलेल्या ओळीची शंका येते.

स्त्रादिवारीवर आता शाळकरी पोरंही विश्वास ठेवत नाहीत, म्हणून धंदा दुय्यम नावांकडे वळला. १९०० ते १९४० मधले तोरिनो, मिलान, नापोली इथले कारागीर. नाव कोशात सापडतं, लिलावात त्याची खरी वाद्यं हजारो डॉलरला गेल्याची नोंद मिळते, पण सामान्य माणसाने त्याचं एकही वाद्य प्रत्यक्ष पाहिलेलं नसतं. नाव खरं, भाव खरा, मधला दुवा खोटा.

मध्यंतरी असंच एक तोरिनोवालं व्हायोलिन माझ्याकडे आलं होतं. घेणारे गृहस्थ समजूतदार, म्हणाले मोकळेपणाने सांगा. मी आधी दहापट भिंगाने एफ-होलमधून (वरच्या पाटीवरच्या ‘f’ आकाराच्या भोकातून) लेबल पाहिलं. जुनं लेबल ठशाने छापलेलं असतं. अक्षर कागदात किंचित रुतलेलं दिसतं आणि कडेला शाई जरा दाट साचलेली असते. इथे काळ्या अक्षरांच्या कडेला निळे-गुलाबी बारीक ठिपके होते, म्हणजे घरच्या इंकजेट प्रिंटरचं काम. मग खोलीतला दिवा बंद करून अतिनील टॉर्च मारला. लेबल निळसर पांढरं लख्ख चमकलं. कागदात पांढरेपणासाठी घालतात त्या रसायनामुळे ते चमकतं आणि ही रसायनं साधारण १९५० नंतरच्या कागदात येतात. वरून चहाच्या पाण्याने पिवळं केलं होतं, पण चहाने ते लपत नाही. मग खालची एंड-बटण काढून त्या भोकातून आत बारका दिवा सोडला. कोपऱ्यांत ठोकळे नव्हते, बेस बार (वरच्या पाटीच्या आतली लांब पट्टी) वेगळा चिकटवलेला नसून वरच्या पाटीतूनच कोरून ठेवलेला, आणि गोल पटाशीचे ओरखडे न घासता तसेच. शोनबाखच्या स्वस्त घरगुती कामाची ही अगदी नेहमीची लक्षणं. तोरिनोचा कारागीर आतून असं काम सोडत नाही.

म्हणजे वाद्य खरोखर शंभर वर्षांचं होतं, लेबल मात्र चार-पाच वर्षांपूर्वीचं. आणि मजा पुढे आहे. त्या वाद्याच्या पाठीवर डाव्या खांद्याखाली मेपलच्या लाकडात एक छोटी गाठ होती आणि वरच्या पाटीवर उजव्या एफ-होलच्या पंखाला दुरुस्त केलेली चीर. या दोन खुणा म्हणजे वाद्याच्या बोटांचे ठसे. त्यांवरून जुन्या विक्रीच्या संग्रहात शोधलं तर तेच व्हायोलिन युरोपातल्या एका छोट्या लिलावघरात ‘जर्मन, लेबल नाही’ असं चारशेच्या आसपास गेलेलं सापडलं. आठ महिन्यांनी ते तोरिनोचं झालं, एकदा ‘विकलं गेलं’, परत आलं आणि मग या गृहस्थांनी घेतलं. त्यांनी मोजलेली रक्कम सांगत नाही, त्यांना वाईट वाटेल. फोटोवरून उलट शोध घेणं आज फुकट आणि सोपं आहे. तुमच्या लिलावातल्या पाठीचा फोटो कापून शोधात टाका, मेपलचे पट्टे सारखे असलेलं दुसरं वाद्य या जगात नाही. कित्येकदा कळतं की फोटोच मुळी एखाद्या प्रतिष्ठित दुकानाच्या साइटवरून उचललेत आणि विक्रेत्याकडे वाद्यच नाही.

‘सोबत प्रमाणपत्र’ हाही त्याच खेळातला भाग. लंडनचे डब्ल्यू. ई. हिल अँड सन्स, न्यूयॉर्कचे रेम्बर्ट वुर्लिट्झर अशांच्या प्रमाणपत्राला बाजारात वजन आहे. विक्रेत्याच्या गावातल्या कुणा ‘ॲप्रेझर’ने लिहिलेल्या ‘विमा किंमत ३५,००० डॉलर’ या कागदाला अजिबात नाही. वजनदार प्रमाणपत्रसुद्धा समोरच्याच वाद्याचं आहे का, ते त्यावरच्या फोटोशी पट्टे जुळवून बघावं लागतं. आणि वृक्षवलयांवरून काळ काढण्याची चाचणी झालीय असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, ती वरच्या पाटीच्या लाकडाचं सगळ्यात अलीकडचं वलय कोणत्या वर्षाचं एवढंच सांगते. वाद्य त्यापूर्वीचं असू शकत नाही एवढं सिद्ध होतं. कारागीर कोण, हे ती सांगत नाही.

ऑनलाइन लिलाव म्हणजे सगळीकडे लबाडीच, असा अर्थ काढू नका. २०११ च्या जूनमध्ये ‘लेडी ब्लंट’ हे १७२१ चं स्त्रादिवारी व्हायोलिन तारिसिओ या वाद्यांच्या लिलावघराने ऑनलाइन लिलावातच विकलं, ९८ लाख पौंडांना, आणि ते पैसे जपानमधल्या भूकंप-त्सुनामीच्या मदतकार्याला गेले. फरक पद्धतीत असतो. अशा ठिकाणी लिलावाआधी वाद्य हातात घेऊन वाजवून बघायचे दिवस ठेवतात, दुरुस्त्यांचा लेखी अहवाल मिळतो आणि वर्णनाची भाषा ठरलेली असते. नुसतं कारागिराचं नाव दिलं तर ते वाद्य त्याचंच आहे असं लिलावघराचं मत. ‘असं मानलं जातं’ म्हटलं तर खात्री नाही. ‘लेबल अमुकचं’ म्हटलं तर लेबल आहे एवढंच, बाकी तुमचं तुम्ही बघा. राखीव किमतीपर्यंत (जिच्याखाली विकायचं नाही ती किंमत) विक्रेत्याच्या वतीने बोली लावण्याची मुभा तिथेही असते, पण ती अटींमध्ये छापलेली असते आणि राखीव किमतीच्या वर जात नाही. अर्थात मोठं नाव म्हणजे गंगाजल नव्हे. स्त्रादिवारींच्या व्यवहारांसाठी जगभर नावाजलेला डिटमार माखोल्ड याला २०१२ मध्ये व्हिएन्नाच्या कोर्टाने सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती.

मग किंमत कळणार कशी? या वर्गातल्या वाद्यांसाठी मी अशा लिलावघरांचे निकाल बघतो जिथे ‘जर्मन, विसाव्या शतकाची सुरुवात’ असं सरळ लिहितात. तिथे कुणाला फुगवण्यात फारसा रस नसतो. निकालात लिलावघर खरेदीदाराकडून वर घेतं ते कमिशन धरलंय की नाही ते तपासायचं, नाहीतर वीस-पंचवीस टक्क्यांची गफलत होते. मग दुरुस्ती मिळवायची: ब्रिज, साउंड पोस्ट, पेग, फिंगरबोर्ड घासणं, आणि मान खाली बसली असेल तर तो मोठा खर्च. लिलावातल्या स्वस्त व्हायोलिनवर दुरुस्तीचा खर्च खरेदीपेक्षा जास्त होणं अगदी नेहमीचं आहे. ‘फक्त तारा बदलल्या की वाजेल’ या वाक्यावर मी हल्ली हसतसुद्धा नाही.

तुमच्यासाठी मी असं करीन. मामा न्यू जर्सीत आहेत याचा फायदा घ्या, पण लिलावासाठी नको. तिकडची चांगली व्हायोलिनची दुकानं आठवडाभर वाद्य घरी वाजवायला देतात. मुलीचे सर व्हिडिओ कॉलवर दोन-तीन वाद्यं ऐकून मत देतील. दुकानदार जास्त पैसे घेईल, पण सेटअप केलेलं वाद्य देईल आणि तक्रार असेल तर तोंड दाखवायला तिथेच असेल.

इतकं सांगूनही लिलावातच घ्यायचं असेल, तर ६,८०० विसरून स्वतःची मर्यादा ठरवा, ती शेवटच्या काही सेकंदांतच भरा, म्हणजे कुणाला चाचपायला वेळ मिळणार नाही. वेळ आपोआप वाढवणाऱ्या साइटवर याचा उपयोग नाही, आणि आधीच टाकून ठेवलेल्या खोट्या बोलीवरही हा उपाय चालत नाही. पैसे साइटमधूनच आणि क्रेडिट कार्डाने भरा. वाद्य मामांकडे पोचलं की त्याच आठवड्यात तिथल्या एखाद्या व्हायोलिन कारागिराला दाखवून त्याचं मत घ्या. थोडे पैसे घेतील, घेऊ देत. ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी तक्रार करायला ईबेवर साधारण तीस दिवस मिळतात, आणि पहिल्या पत्त्यावरून वाद्य पुढे दुसरीकडे गेलं की ते संरक्षण संपतं. वाद्य दिवाळीपर्यंत कपाटात ठेवून मग पुण्याला आणून माझ्यासमोर पेटी उघडलीत, तर मी खरं काय ते सांगेन, पण पैसे परत मिळायची वेळ टळून गेलेली असेल.

व्हायोलिन ज्याने वाजवतात त्या गजाबद्दलही एक. लिलावात ‘सोबत तुर्त गज’ असं लिहिलंय. फ्रांस्वा तुर्त या नावाजलेल्या फ्रेंच गज-कारागिराने स्वतःच्या गजांवर बहुधा शिक्का मारलाच नाही. ‘तुर्त’ असा ठसठशीत शिक्का असलेले गज जर्मन कारखान्यांनी हजारोंनी काढले. तो पन्नास डॉलरचा असो की पाचशेचा, टोकाची पांढरी पट्टी कशाची आहे ते विक्रेत्याला लेखी विचारा. हस्तिदंत असेल तर अमेरिकेतून बाहेर काढताना आणि आपल्या कस्टम्समध्ये, दोन्हीकडे अडकाल. तो गज मामांनी बॅगेत घालू नये. हाड किंवा प्लास्टिक असेल तर ती अडचण नाही, आणि मुलीला रोजच्या रियाझाला चांगला कार्बन फायबरचा गज इथेच मिळेल.